फिटची गोळी, मेरोपेनम आणि माझी चूक

हे प्रकरण लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली कारण यात अर्धी चूक माझीच आहे. पेशंटची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, औषधं आणि आकडे मात्र फाइलमधलेच. मी सिंधुदुर्गातल्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूत क्लिनिकल फार्मासिस्ट आहे. म्हणजे काय हे आमच्याकडे अजून सांगावं लागतं. फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा कोर्स भारतात २००८ ला सुरू झाला तरी गावातली माणसं अजून विचारतात की मग मेडिकल कुठे टाकलंस गे. माझं काम एवढंच की पेशंटच्या चार्टवर जेवढी औषधं आहेत ती सगळी एकमेकांशी, त्याच्या किडनीशी, लिव्हरशी आणि मुळात त्याच्या आजाराशी जुळतात का ते रोज बघायचं.

पेशंट ५४ वर्षांचे काका, वजन साधारण ६० किलो (अंदाजेच, बेडसकट वजन करायचा काटा आमच्याकडे नाहीये आणि निम्मे डोस वजनावर असतात, हे एक वेगळंच रडगाणं). कुडाळच्या बाजूचं गाव, भातशेती, थोडी काजूची कलमं. जुलै, लावणीचे दिवस, चार दिवस चिखलात उभं राहून तरवा लावलेला, टाचेला भेग. आशाताई डॉक्सीच्या गोळ्या देऊन गेलेल्या, आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम घ्यायच्या असतात त्या, पण पोटात जळजळ होते म्हणून पाकीट देव्हाऱ्याच्या फळीवर तसंच राहिलेलं. पाच दिवस ताप, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हते इतकं दुखणं, डोळे आधी लाल मग पिवळे, लघवी कमी. आमच्याकडे आले तेव्हा बीपी ८०/५०, पल्स १२०, क्रिएटिनिन (किडनी किती बसली त्याचा आकडा) ४.१, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) ८.६ पण एसजीपीटी हे लिव्हरचं एन्झाइम जेमतेम ९०, प्लेटलेट ४२ हजार. कोकणात पावसाळ्यात काम केलेल्या कुणालाही हे आकडे बघून निदान सांगता येईल, कावीळ एवढी आणि लिव्हरची एन्झाइम्स त्यामानाने थोडीच वाढलेली म्हणजे आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून चिखलात येणारा ताप, आशाताईंची डॉक्सी त्यासाठीच होती) डोक्यात येतो. लेप्टोची आयजीएम ही रक्ताची तपासणी पाठवली, सलाईन, बीपी वर ठेवायला नॉरअ‍ॅड, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन (अँटिबायोटिक) सुरू.

अ‍ॅडमिशनच्या कागदावर जुने आजार या रकान्यात 'काही नाही'. हे दोन शब्द लक्षात ठेवा.

पहिल्या रात्री दोनच्या सुमाराला ऑक्सिजन उतरायला लागला, एक्स-रेत दोन्ही बाजूंना ठिपके, ट्यूब घालून व्हेंटिलेटरवर घेतलं, मिडाझोलाम (गुंगीसाठी) आणि फेंटानिलची (दुखण्यासाठी) इन्फ्युजन लागली आणि ड्युटीवरच्या आरएमओने (हॉस्पिटलचा निवासी डॉक्टर) सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन काढून मेरोपेनम हे त्याहून मोठं अँटिबायोटिक, १ ग्रॅम दर आठ तासांनी, लिहिलं. आमच्या भाषेत 'कव्हर वाढवलं'. मी त्याला दोष देत नाही. रात्री दोन वाजता माणूस तुमच्यासमोर बुडत असताना, कल्चर (कुठला जंतू आहे त्याची तपासणी) काही नाही, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात मेलिऑइडोसिस नावाचं एक प्रकरण असतं, तेही चिखलातूनच येतं, फुफ्फुसं खातं आणि त्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन पुरत नाही, मेरोपेनम किंवा सेफ्टाझिडिम लागतं. बहुतेक वेळा डायबेटिक माणसाला होतो, काकांची शुगर नॉर्मल होती, पण रात्री दोनला एवढा हिशोब कोण करत बसणार. रात्री मोठं अँटिबायोटिक सुरू झालं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. सकाळी राउंडला 'हे अजून का चालू आहे' असं कुणीच विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी लेप्टो आयजीएम पॉझिटिव्ह आली तेव्हाही नाही, पाचव्या दिवशी ब्लड आणि ट्रॅप (श्वासनळीतला स्राव) दोन्ही कल्चर कोरी आली तेव्हाही नाही. लेप्टोला साधं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन दिवसाला १ ग्रॅम किंवा पेनिसिलिन १५ लाख युनिट दर सहा तासांनी, सात दिवस, एवढं पुरतं. पण पेशंट सुधारत होता आणि सुधारणाऱ्या पेशंटचं अँटिबायोटिक उतरवायला कुणाचाच हात धजत नाही. मोठं चालू असलं म्हणजे सगळ्यांना रात्री झोप लागते. ह्या भावनेशी माझं रोजचं भांडण आहे आणि मी बहुतेक वेळा हरते.

डोसचंही सांगते. क्रिएटिनिन ४.१ धरून हिशोब केला तर क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते तो आकडा, साडेसतराच्या आसपास येतो, त्या किडनीला मेरोपेनम निम्मं आणि बारा तासांनी. पण पहिले दोन दिवस मी मुद्दाम कमी करायला सांगितलं नाही, कारण सेप्सिसमध्ये (इन्फेक्शन अंगभर भिनलेलं असताना) पहिल्या ४८ तासांत किडनी बऱ्याचदा सावरते आणि अशा औषधाचा डोस तेव्हाच कापला तर इन्फेक्शनला मोकळं रान मिळतं, थोडं जास्त झालेलं चालतं, कमी पडलेलं चालत नाही. शिवाय क्रिएटिनिन रोज बदलत असताना तो फॉर्म्युला तसाही खोटंच बोलतो. तिसऱ्या दिवशी मात्र कमी करायला हवं होतं, क्रिएटिनिन ३.६ वर रेंगाळलेलं, आणि ते राहिलं, कारण तिसऱ्या दिवशी मी अख्खा दिवस पोटॅशियमच्या मागे होते. थोडं विषयांतर होतंय, पण किडनी बसली की पोटॅशियम चढतं हे सगळ्यांच्या हाडीमाशी बसलेलं असतं आणि लेप्टोत बऱ्याचदा उलटं होतं, किडनी पोटॅशियम धरूनच ठेवत नाही, लघवीवाटे वाहून जातं. काकांचं ३.१ वरून २.८ झालं, क्रिएटिनिन साडेतीनच्या वर, आणि आरएमओ म्हणतो मॅडम किडनी फेल्युअरमध्ये केसीएल (पोटॅशियम क्लोराइड) कसं देऊ. सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत घातलेली नळी), मॉनिटर लावून, तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटने, दर चार-सहा तासांनी परत तपासत दिलं. आपल्याकडचा १० मिलीचा तो अँप्युल म्हणजे २० मिलिइक्विव्हॅलंट, कधीही थेट शिरेत द्यायचा नाही, आमच्याकडे तो आता कुलपात असतो, आधी डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारच्या ट्रेमध्ये असायचा, दोन्ही काचेचे, दोन्ही पारदर्शक. असो.

चौथा दिवस. नॉरअ‍ॅड बरंच खाली आलेलं, व्हेंटिलेटरवरून द्यावा लागणारा ऑक्सिजन ४० टक्क्यांवर, म्हणून सकाळी मिडाझोलाम बंद केलं की बघू जागे होतात का. अकरा वाजता डोळे उघडले, बायकोचं नाव घेतल्यावर मान हलवली, सगळे खूश. साडेअकराला डावा हात झटके द्यायला लागला आणि मग सगळं अंग.

लोराझेपाम ४ मिलिग्रॅम, थांबलं. मग फेनिटॉइन या फिटच्या औषधाचं लोडिंग, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, किलोला २० प्रमाणे १२०० मिलिग्रॅम. फेनिटॉइन हे फार तोऱ्याचं औषध आहे. फक्त नॉर्मल सलाईनमध्ये चालतं, डेक्स्ट्रोजमध्ये टाकलं की दाणे धरतं, मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जोरात दिलं तर बीपी आणि हार्ट दोन्ही बसवतं, आणि नॉरअ‍ॅडवरच्या माणसाला तर त्याच्या निम्म्या वेगानेच द्यावं. घाईत ते सेंट्रल लाइनच्या ज्या नळीला जोडलं गेलं त्याच नळीतून नॉरअ‍ॅड चालू होतं, आणि आमच्याकडे नॉरअ‍ॅड पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये करतात. फेनिटॉइनचा पीएच १२ च्या आसपास, नॉरअ‍ॅड आम्लधर्मी. मी बेडच्या पायथ्याशी उभी राहून डोस मोजत होते, आणि नजर गेली ती ज्या सिस्टर आमच्यात सगळ्यात जुन्या आहेत त्यांची. त्या एकदम म्हणाल्या, "अगो हे बघ, नळीत दही लागलं." थ्री-वेच्या (नळ्या जोडायच्या तोटीच्या) पुढे बोटभर नळीत पांढरं पांढरं तरंगत होतं, ताकाचं पाणी वेगळं व्हायला लागतं ना तसं. त्यांनी तिथल्या तिथे क्लॅम्प केलं. क्लॅम्प केलं म्हणजे नॉरअ‍ॅडही थांबलं, बीपी ६० वर, दुसऱ्या ल्यूमेनमधून (सेंट्रल लाइनच्या आतल्या वेगळ्या वाटेने) नवीन सिरिंज लावेपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं मी मॉनिटरकडे बघितलंच नाही, सिस्टरच्या हातांकडे बघत होते. खराब झालेल्या ल्यूमेनमधलं सगळं मागे ओढून काढलं, पुढे ढकललं नाही, हे महत्त्वाचं. ४०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं असेल, बाकी फेनिटॉइन सोडूनच दिलं.

आता फिट का आली? लेप्टो मेंदूपर्यंत गेला का, प्लेटलेट कमी म्हणून डोक्यात रक्तस्राव झाला का. सीटी नॉर्मल. युरिया वाढलेला होता पण एवढा नाही. डॉक्टर म्हणाले उद्या एलपी (कण्यातलं पाणी काढून तपासणं) करायची का बघू, प्लेटलेट ५८ हजार, तेही धोक्याचंच.

दुपारी मी चहा घ्यायला बाहेर आले तर जिन्याजवळ काकी बसलेल्या. मांडीवर पिशवी, त्यात टॉवेल, पेजेचा थर्मास, देवाचा अंगारा. मी कोट घातलेली बघून उठल्या. "गे बाय, तेंची फिटची गोळी कोण देता हय? चार दिस झाले, मी रोज इचारतंय." कुणाला विचारलं म्हटलं, तर दारावरच्या वॉचमनला, मग वॉर्डबॉयला, मग बिलाच्या खिडकीत. त्यांच्या दृष्टीने हॉस्पिटलला विचारून झालं होतं. पिशवीच्या तळातून कागदात गुंडाळलेली स्ट्रिप काढली. आपल्याकडे मेडिकलवाले कात्रीने स्ट्रिप कापून पाच-सहा गोळ्या देतात आणि नाव नेमकं कापलेल्या बाजूला जातं. या तुकड्यावर फक्त मागचं '...प्रोएट', खाली ५०० आणि एक्सपायरीचं वर्ष एवढंच उरलेलं. सोडियम व्हॅल्प्रोएट, सकाळी एक रातची एक, बारा वर्षं.

मग तो 'काही नाही' कुठून आला? अ‍ॅडमिशनला बरोबर आलेले ते काकांचे धाकटे भाऊ. काकी तेव्हा गुरांमुळे घरी, दुसऱ्या दिवशी एसटीने आल्या. भावाला मी विचारलं तेव्हा मान खाली घालून म्हणाले, "चेडवाचा लगीन ठरला हा. हय फिट लिवली काय गावभर जातला." चेडू म्हणजे मुलगी. खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. घाईत कुणी विचारलंही असेल ते 'काही आजार वगैरे आहे का, बीपी, शुगर' असंच, आणि त्याचं उत्तर खरोखरच नाही असंच होतं.

म्हणजे कोडं सुटलं असं मला वाटलं. बारा वर्षांची गोळी अचानक बंद, तीन दिवस मिडाझोलामने झाकून ठेवलं कारण मिडाझोलाम स्वतःच फिट दाबतं, ते काढलं आणि फिट आली. मी जवळजवळ धावत आत गेले. डॉक्टरांनी न्यूरोवाल्यांना फोन लावला, मी शेजारी उभी राहून म्हटलं सर व्हॅल्प्रोएट लगेच परत सुरू करू, तेही म्हणाले करा. शिरेतून १२०० मिलिग्रॅम लोडिंग, मग दिवसाचे १००० ठरले. संध्याकाळी बघते तर सिस्टर खलबत्त्यात ती कंट्रोल्ड रिलीज गोळी कुटत होत्या, राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी) द्यायला. मी थांबवलं, ती गोळी हळूहळू सुटण्यासाठी केलेली असते, कुटली की दिवसभराचा डोस एका दमात जातो आणि वर ट्यूब चोंदते ती वेगळीच, म्हणून २०० मिलिग्रॅम प्रति ५ मिलीचं सिरप मागवलं, तीन भागांत द्यायला लावलं. घरी जाताना स्वतःवर फार खूश होते. आईला सांगितलंसुद्धा.

सहाव्या दिवशी पहाटे परत फिट. दोन, वीस मिनिटांच्या अंतराने.

व्हॅल्प्रोएटची रक्तातली लेव्हल पाठवली. आमच्याकडे होत नाही, सॅम्पल घाट चढून जातं आणि पावसात गाडी कधी पोचेल ते देव जाणे. रिपोर्ट यायच्या आधीच डोस १५०० केला. सातव्या दिवशी दुपारी रिपोर्ट आला. ९. हवी असते ५० ते १००. मी पहिलं काय केलं असेल तर सिस्टरना विचारलं की सिरप खरंच दिलं का हो सगळं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी लाज वाटते, आणि रिकाम्या बाटल्या काढून समोर ठेवल्या. दही लागलेली नळी बघणारी ती बाई, आणि मी तिलाच विचारते दिलं का.

मग मी चार्ट घेऊन खिडकीत बसले आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचला. तिसरी ओळ मेरोपेनम. अकरावी ओळ व्हॅल्प्रोएट. मधे पँटोप्राझोल, केसीएल, नेब्युलायझेशन, इन्सुलिन, आय ऑइंटमेंट असलं सगळं. दोन्ही ओळींवर रोज टिक आणि खाली रोज माझी सही.

हे कुणालाही पाठ असतं. मला परीक्षेत आलेलं. मेरोपेनम, इमिपेनम, एर्टापेनम, या कुळातलं कुठलंही औषध व्हॅल्प्रोएटसोबत दिलं की रक्तातलं व्हॅल्प्रोएट २४ तासांत पडायला लागतं, ६० टक्के, कधी जवळपास सगळंच. कारण असं आहे की लिव्हर व्हॅल्प्रोएटला एक शेपूट जोडून बाहेर काढायला पाठवतं आणि एक एन्झाइम ती शेपूट सोडवून त्यातलं बरंचसं औषध परत रक्तात आणतं, म्हणजे आपल्याकडे बाजाराला गेलेला माणूस अर्ध्या वाटेवरून परत यावा तसं. मेरोपेनम ते परत आणणारं एन्झाइमच कायमचं बाद करतं, त्यामुळे गेलं ते गेलं. वरून कितीही ओता, टिकत नाही, म्हणून १५०० काय आणि २००० काय. आणि लिव्हरने नवीन एन्झाइम बनवेपर्यंत, म्हणजे मेरोपेनम थांबवल्यावरही एक-दोन आठवडे, लेव्हल वर येत नाही. त्यात किडनी बसलेली आणि डोस कापलेला नाही म्हणून मेरोपेनम अंगात साठत होतं, आणि साठलेलं मेरोपेनम स्वतःही फिट आणू शकतं, इमिपेनमइतकं नाही पण आणू शकतं. म्हणजे काकांच्या बाजूने लढणारा गडी आम्ही आणला आणि त्याला आणल्या आणल्या बांधून ठेवणाराही शेजारी आम्हीच बसवलेला.

याहून वाईट पुढे आहे. मुळात व्हॅल्प्रोएट परत सुरू करायलाच नको होतं. बिलिरुबिन आठच्या घरात, आणि लिव्हर बिघडलेल्या माणसाला व्हॅल्प्रोएट देऊ नये. प्लेटलेट ५८ हजार, आणि व्हॅल्प्रोएट प्लेटलेट उतरवतं. वर मेरोपेनम चालू. तीन कारणं, तिन्ही त्या क्षणी माझ्या हातातल्या कागदावर, आणि मी मात्र 'घरची गोळी सापडली, घरची गोळी द्या' या आनंदात. घरची गोळी शोधणं वेगळं आणि आज या शरीराला ती द्यायची की नाही हे ठरवणं वेगळं, पहिलं केलं की दुसरं आपोआप झालं असं वाटतं. हॉस्पिटलात येण्याआधी तो माणूस निरोगी लिव्हरवर ती गोळी घेत होता, आता लिव्हर तीच राहिली नव्हती. लेव्हेटिरॅसिटॅम हे फिटचं दुसरं औषध चौथ्या दिवशीच द्यायला हवं होतं, लिव्हरला हात लावत नाही, कुणाशी फारसं भांडत नाही, फक्त किडनीप्रमाणे पुढचे डोस कापायचे.

डॉक्टरांकडे गेले. ते आधी म्हणाले मग व्हॅल्प्रोएट दुप्पट करू, मी म्हटलं सर काही उपयोग नाही, आणि चौथ्या दिवशी मीच चुकीचं सांगितलं होतं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, चार्टवर मेरोपेनम मी रोज सही करतोय, तू एकटीच कशाला. मोठा माणूस, सगळे असे नसतात. मेरोपेनम त्याच संध्याकाळी बंद, सात दिवसांचा हिशोब तसाही पुरा झालेला, तरी फुफ्फुसांसाठी म्हणून दोन दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ठेवलं (माझ्या मते तेही नको होतं, पण त्या दिवशी आवाज चढवायची माझी लायकी नव्हती). लेव्हेटिरॅसिटॅम १५०० मिलिग्रॅम लोडिंग, लोडिंग किडनी बघून कापायचं नसतं, लोक कापतात आणि मग म्हणतात लागू पडलं नाही, पुढे ५०० बारा तासांनी कारण क्रिएटिनिन आता २ वर आलेलं. व्हॅल्प्रोएट बंद केलं, आणि हे बंद करणंही तेवढंच महत्त्वाचं होतं, कारण १५०० तसंच ठेवून मेरोपेनम काढलं असतं तर आठ-दहा दिवसांनी एन्झाइम परत आल्यावर लेव्हल वर चढत गेली असती आणि मग आम्ही गुंगी कशाची म्हणून परत सीटी काढला असता.

त्यानंतर फिट नाही. नवव्या दिवशी ट्यूब निघाली. अकराव्या दिवशी काकांनी पहिली तक्रार केली की पेज पातळ आहे. औषध-औषधातल्या या प्रकाराचा रिपोर्ट मी फार्माकोव्हिजिलन्सच्या (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद) फॉर्मवर भरून पाठवला, आपल्याकडे हा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि फॉर्म डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट कुणीही भरू शकतं, तरी लोकांना वाटतं हे म्हणजे स्वतःवर एफआयआर.

आयसीयूत नंतर दोन-तीन गोष्टी बदलल्या. बेल्जियमचे जाँ-लुई व्हिन्सेंट यांची 'फास्ट हग' नावाची यादी आहे, २००५ ची, राउंडला रोज म्हणायची, खाणं, दुखणं, सेडेशन, रक्ताची गाठ, डोकं वर, अल्सर, शुगर. आमच्या भिंतीवर ती आहेच, तिच्याखाली सिस्टरनी मार्करने 'घरची गोळी?' असं लिहिलं आणि ते अजून कुणी पुसलेलं नाही. अँटिबायोटिकच्या ओळीपुढे आता कशासाठी आणि कधी परत बघायचं ते लिहावं लागतं, निम्म्या वेळा कोरं असतं, मी पेन घेऊन मागे लागते. आणि नातेवाईकांना आता 'काही आजार आहे का' असं विचारत नाही. विचारतो, घरात रोज कसली गोळी घेतात, फळीवर काय काय आहे, सगळा डबा घेऊन या, रिकामी पाकिटंसुद्धा. आणि हे भावाला एकदा, बायकोला वेगळं एकदा. डब्यात काय काय निघतं ते विचारू नका, एका बाईंच्या डब्यात नवऱ्याची, दिराची आणि वारलेल्या सासूची अशी तिघांची बीपीची गोळी निघाली, त्या कमी-जास्त वाटेल तसं त्यातली घ्यायच्या.

डिस्चार्ज सोळाव्या दिवशी. प्लेटलेट सव्वा लाख, क्रिएटिनिन १.३, बिलिरुबिन २ च्या आत. कार्डवर मी स्वतः लिहिलं, लेव्हेटिरॅसिटॅम ५००, सकाळ-रात्र, चालू ठेवणे.

तीन आठवड्यांनी ओपीडीत आले, चालत आले, गालफडं बसलेली पण हसत होते. काकी म्हणाल्या दिवसभर झोपूनच असतात आणि चहाचा कप धरला की हात कापतो. म्हटलं डबा आणलात? आणला होता, हे शिकल्या होत्या त्या. एक अख्खी स्ट्रिप लेव्हेटिरॅसिटॅमची, आणि तिच्याखाली कात्रीने कापलेला तोच तुकडा, नवीन आणलेला, '...प्रोएट, ५००'. "ही पण घेतात?" "होय तर. ती पण सकाळ-रात, ही पण सकाळ-रात." मी म्हटलं काकी, ती बंद केली होती ना आपण. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, "आमका बंद करूक कोणी सांगितल्यान?" कार्ड मागितलं, उलटसुलट बघितलं. काय चालू ठेवायचं ते होतं. काय थांबवायचं ते कुठेच नव्हतं.

लेव्हल ७४ आली, लिव्हर ठीक होतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या न्यूरोच्या डॉक्टरांनी लेव्हेटिरॅसिटॅम ठेवलं आणि व्हॅल्प्रोएट आठवड्या-आठवड्याने उतरवायला सांगितलं, तारखांसकट मी मराठीत लिहून दिलं, शेवटच्या तारखेपुढे 'यानंतर ही गोळी घ्यायची नाही' असं लाल पेनने. तुकड्यातल्या मोजून लागतील तेवढ्या गोळ्या त्यांच्याकडे ठेवल्या आणि बाकीच्या परत मागितल्या तर काकींनी हात मागे घेतला, "सा गोळये असत अजून तेच्यात, पैशे दिलेले असत." मग ड्रॉवरमधून कात्री काढली आणि मेडिकलवाल्याकडे मीच गेले, त्या सहा परत घ्यायला लावायला.